शिवेवरची वाट

मुलीला सातवीत गेल्यावर सायकलने शाळेत जाऊ देईन, असं मी ती पाचवीत असताना कबूल केलं होतं. दोन वर्षं तेव्हा फार लांब वाटली होती. या जूनमध्ये ती सातवीत गेली आणि पहिल्याच आठवड्यात तिने माझा शब्द माझ्यासमोर ठेवला. "अब्बू, तुम्हीच वर्गात सांगता ना, वादा म्हणजे वादा?" शिक्षकाच्या घरात ही अडचण असतेच. वर्गात वापरलेली वाक्यं घरी परत येतात.

आम्ही नेऱ्यात राहतो, मुळशी तालुक्यात. मारुंजी, जांबे, कासारसाई ही शेजारची गावं आणि हिंजवडीचं आयटी पार्क जवळच. इथे घर घेतलं तेव्हा खिडकीतून उसाचे फड दिसायचे. आता डंपर दिसतात, काँक्रीटचे मिक्सर, पाण्याचे टँकर आणि सकाळ-संध्याकाळ कंपन्यांच्या बसगाड्या. गेल्या पावसाळ्यात एका वळणावर मिक्सरने मला साइडपट्टीवरून खाली उतरवलं. कोपर सोललं, सायकलचं हँडल वाकडं झालं. चालवणाऱ्याला ते कळलंही नसेल. त्या संध्याकाळी कोपराला हळद लावताना बायकोने एकच सांगितलं, "तुमचं तुम्ही बघा. पोरीला या रस्त्यावर घालायची नाही."

शब्द दिलेला आणि रस्ता असा. अडकलेल्या माणसाने जे करायचं ते मी केलं, शेजारी बोललो. आमच्या मागच्या शेताचे मालक, सगळे त्यांना आबा म्हणतात, त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, डांबरी कशाला धरता? शिवंनं जावा की. आम्ही शाळंला तसंच जायचो. गाडी नाय, घोडं नाय."

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे शब्द कानावर पडला की पाय अडखळतात. शीव म्हणजे सीमा, त्याच शब्दाचं झिजून गुळगुळीत झालेलं रूप. मुंबईचं सायन हे मूळचं शीव; मुंबई बेट तिथे संपायचं आणि पलीकडे साष्टी सुरू व्हायची. उर्दूत सरहद. त्यातला 'सर' फारसी, 'हद' अरबी. मराठीने तो उचलताना द दुप्पट केला आणि सरहद्द केली. मुलांना मी हे शब्द नेहमी तंटा, पहारा, सैनिक यांच्या सोबतीने शिकवत आलो. आबांच्या बोलण्यात मात्र शीव ही जायची-यायची जागा होती. 'शिवंनं जावा.' हा वापर मला नवा होता. खरं तर जुना होता, मलाच नवा.

गाव नकाशा मिळवला. महसूल खात्याचे हे नकाशे ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण मला त्यांनी चार रात्री जागवलं आहे. त्यात प्रत्येक सर्व्हे नंबरची हद्द असते, ओढे असतात, विहिरी असतात, आणि रस्ते तुटक रेषांनी दाखवलेले असतात. दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग. रुंदी फुटांत ठरलेली: पायमार्ग सव्वाआठ फूट, गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फूट. हे सव्वाआठ कुठून आलं? मोजणीची साखळी 33 फुटांची होती आणि तिचे रुपयासारखे 16 आणे केलेले होते. चार आणे म्हणजे सव्वाआठ फूट, आठ आणे म्हणजे साडेसोळा. आपला गुंठा 33 गुणिले 33 फुटांचा आहे तोही याच साखळीमुळे. एकराचे चाळीस गुंठे तोंडपाठ असणाऱ्या किती जणांना ती साखळी माहीत असते?

ही मोजणी इंग्रजांची. पेशवाई बुडाल्यावर पुणे जिल्ह्यात आधी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने जमिनीची पाहणी केली. तिच्यावरून लावलेला सारा लोकांना झेपेना, माणसं गावं सोडून जाऊ लागली. मग 1835-36 च्या सुमाराला गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूरपासून पुन्हा सुरुवात केली आणि ती पद्धत मुंबई इलाख्यात सगळीकडे गेली. हद्दीला दगड रोवले, बांध राखले, नकाशे काढले. पण गावांच्या शिवा त्यांनी निर्माण केल्या नाहीत, त्या त्यांना तयार मिळाल्या. त्याच्या दोनशे वर्षं आधी निजामशाहीत मलिक अंबरने गावोगावच्या जमिनीचा अंदाज घेऊन सारा ठरवला होता. मराठी कागदपत्रांत 'मलिकंबरी धारा' म्हणून तो पुढे बराच काळ येत राहतो. हबशी देशात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस आमच्या या भागातल्या शेताच्या साऱ्याचं माप घालून गेला, ही गोष्ट मी वर्गात सांगतो तेव्हा मागच्या बाकावरचीही मुलं मान वर करतात.

आणि मलिक अंबरच्याही आधीपासून शीव ठाऊक असणारा माणूस गावात होताच. तो कारकून नव्हता, जमीनदार नव्हता. दोन गावांत शिवेचा तंटा झाला की महाराची साक्ष महत्त्वाची धरत. रोज शिवेवरून फिरणारा तोच. कुठला दगड कुणी हलवला, ओढ्याने कधी कुशी बदलली, त्याला माहीत. तो शीव चालून दाखवायचा आणि गाव त्याच्या मागून चालायचं. ज्याला गावात वस्तीपुरतीही मधली जागा दिली नाही, त्याच्याच पायांवर गावाची हद्द विसंबून होती. याचा राग यावा की आश्चर्य वाटावं, ते वाचकांनी ठरवावं. मला आधी राग येतो.

तर आबांची शीव नकाशात होती. एकेरी तुटक रेषा, दोन गावांच्या मधोमध, थेट मुलीच्या शाळेच्या मागे निघणारी. रविवारी आम्ही दोघं सायकली घेऊन निघालो. बाभळी, निवडुंग, एका जागी ओढ्याचं ओलं. मोटारचा आवाज लांबून, पाण्याखालून आल्यासारखा. पाऊण वाट झाली आणि समोर निळे पत्रे. एका गृहप्रकल्पाने शिवेसकट कुंपण घातलं होतं. कुंपण आणि पलीकडची बाभूळ यांच्यात जेमतेम माणूस आडवा जाईल एवढी फट उरली होती. मुलगी सायकल धरून उभी राहिली. काही बोलली नाही. मला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

आबांना विचारलं तर म्हणाले पत्रे फेब्रुवारीत लागले. मी पुस्तकं काढून बसलो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 हिचं कलम 143 म्हणतं की शेतकऱ्याला आपल्या शेतात जाण्यासाठी इतरांच्या हद्दीवरून वाट मागता येते आणि ती तहसीलदार ठरवून देतो. कायद्याने वाट मागायची जागा सांगितली आहे ती हद्दीची. दुसरा कायदा अजून जुना आहे, मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906. पूर्वीपासून चालत आलेला रस्ता कुणी अडवला तर कलम 5 खाली मामलेदार तो मोकळा करून देतो. मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा लागतो. फेब्रुवारी ते जुलै. हातात दीड महिना होता. आणि माझ्या नावावर नेऱ्यात एक सदनिका आहे, शेत नाही. म्हणजे अर्ज आबांनीच करायचा. वयाच्या पंचाहत्तरीत एका शेजाऱ्याच्या पोरीच्या सायकलसाठी ते पौडला तहसील कचेरीत जाणार होते का?

ते उत्तर नंतर. आधी नदीकडे जातो, कारण या सगळ्या शोधात मला कळलं की आपल्याकडची सगळ्यात लांब शीव पाण्याची आहे.

नेऱ्याच्या उत्तरेला पवना वाहते, दक्षिणेला मुळा. आमच्याकडे पडलेलं पावसाचं पाणी कुठल्याही ओढ्याने गेलं तरी शेवटी दापोडीला पोचतं, कारण तिथे पवना मुळेला मिळते. पुढे संगमावर मुठा येते आणि मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेत जाते. ही भीमा म्हणजे एके काळची खरी सरहद्द. 1636 मध्ये निजामशाही बुडाली आणि शाहजहान व आदिलशहा यांनी तिची वाटणी केली. ढोबळमानाने भीमेच्या उत्तरेचा मुलूख मोगलांकडे गेला, दक्षिणेचा विजापूरकडे. पुणे-सुप्याची शहाजीराजांची जहागीर आदिलशाहीत राहिली, जुन्नर मोगलांत गेलं. 1657 मध्ये शिवाजीराजांनी जुन्नर लुटलं ते म्हणूनच मोगलांशी वैर ठरलं. एका शेजाऱ्याच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल पडलं होतं. आज सोलापूरच्या खाली हीच भीमा काही अंतर महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या मधून वाहते. राज्यं बदलली, तिच्याकडचं काम तेच राहिलं.

मुळेकडे हे काम अलीकडे आलं. पुणे महानगरपालिका 1950 ची. नदीपलीकडची पिंपरी-चिंचवड नगरपालिका 1970 ची, तिची महानगरपालिका 1982 ला झाली. आता वाकडपासून खाली मुळेचा डावा काठ एका महापालिकेचा आणि उजवा दुसरीचा. इकडे वाकड, पिंपळे निलख, सांगवी, दापोडी. तिकडे बालेवाडी, बाणेर, औंध, बोपोडी. पात्राच्या मधोमध एक रेषा आहे, जी फक्त नकाशात दिसते.

माझं बालपण दापोडीतलं. अब्बा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते, 1869 सालचा तो कारखाना. भोंगा व्हायच्या आधी अर्धा तास हॅरिस ब्रिजवर सायकलींचा लोंढा लागायचा. पूल 1895 चा, मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड हॅरिस याच्या नावाचा, जो कारभारापेक्षा क्रिकेटसाठी जास्त ओळखला जातो. अब्बांच्या सायकलला पितळी बिल्ला होता, वर्षाचा कर भरल्याचा. रात्रपाळीला दिव्याशिवाय गेलं तर पोलीस हवा सोडायचे, हे ते हसत सांगायचे. तेव्हा पुणं सायकलींचं शहर म्हणवलं जायचं, ते अशा माणसांमुळे. छंद म्हणून ती माणसं सायकलवर नव्हती. त्यांना पोचायचं असायचं.

पुलावरचं दुसरं ठळक चित्र जकात नाक्याच्या रांगांचं. एका महापालिकेतून दुसरीत माल गेला की जकात. उर्दूच्या वर्गात हा शब्द आला की मला थांबावंच लागतं. मराठीतली जकात म्हणजे आपल्याकडची ज़कात, तोच अरबी शब्द. दान म्हणून निघालेला शब्द राज्यकारभारातून फिरत नाक्यावर जाऊन बसला. कुरआनात ज़कात कुणाला द्यावी याची आठ नावं आहेत आणि त्यातलं एक इब्नुस्सबील, शब्दशः वाटेचा मुलगा, म्हणजे वाटसरू. वाटसरूला द्यायची ती ज़कात आणि वाटसरूकडून घ्यायची ती जकात. मुलं यावर खूप हसतात. पुणे आणि पिंपरी-चिंचवडची जकात 1 एप्रिल 2013 पासून बंद झाली. नाक्यांच्या टपऱ्या काही काळ तशाच उभ्या होत्या.

तर जुलैच्या एका रविवारी फज्रनंतर आम्ही बापलेक निघालो, नेरे ते दापोडी. वाकडपर्यंत डांबरी, त्या वेळी मोकळी असते. तिथून ठरवलं होतं की मुळेचा काठ सोडायचा नाही. सहल म्हणून तर होतंच, पण मला बघायचं होतं की गाडीशिवायची वाट आज किती शिल्लक आहे.

आहे, पण तुकड्यांत. कुठे सकाळी फिरणाऱ्यांसाठी बांधलेला पट्टा, तो संपतो तिथे म्हशींची पायवाट, मग एखाद्या सोसायटीची भिंत थेट पाण्यापर्यंत, मग वर मुख्य रस्त्यावर, मग पुन्हा खाली. पिंपळे निलखच्या बाजूला झाडी इतकी दाट की मुलीने घंटी वाजवणं बंद केलं. पक्षी उडतात म्हणाली. वाटेत नाले आडवे येतात, त्यांचा वास तुम्हाला माहीत आहे. नदीत पाणी थोडं. जे होतं ते पाऊस आणि सांडपाणी यांचं. मुळेचं वरचं पाणी मुळशी धरणात अडतं आणि डोंगर फोडून खाली कोकणात भिऱ्याच्या वीजघराकडे जातं. त्याच धरणासाठी जमिनी जाणार म्हणून 1921 मध्ये मुळशीचा सत्याग्रह झाला, सेनापती बापटांना त्यातूनच ही पदवी मिळाली. नदीचं पाणी घाटाखाली गेलं आणि नदी हद्द दाखवण्यापुरती उरली, असं त्या दिवशी मनात आलं.

वाकड ते दापोडी आम्हाला सलग दोन किलोमीटर काठ कुठे मिळाला नाही. तरी जिथे मिळाला तिथे तो हद्दीवर असल्यामुळेच मिळाला, असं मला वाटतं. पूररेषेत बांधकामाला बंदी आहे हे एक कारण. दुसरं असं की दोन महापालिकांच्या टोकाला, दोघींच्याही पाठीमागे, जी पट्टी पडते तिच्याकडे कुणी बघत नाही. रस्ता तिथे संपतो, वाट तिथे सुरू होते. जर्मनीत हे मोठ्या प्रमाणावर घडलं. बर्लिनच्या भिंतीच्या कडेने सैनिकांच्या गस्तीसाठी रस्ता होता. भिंत 1989 ला पडली, गस्तीची वाट राहिली आणि आज तिथे सुमारे 160 किलोमीटरचा पायी आणि सायकलने फिरायचा मार्ग आहे. 1945 नंतर जर्मनी आणि पोलंड यांची सरहद्द ओडर आणि नाइसे या नद्यांवर ठरली, लाखो माणसं एका काठावरून दुसऱ्या काठावर हाकलली गेली. आता त्या नद्यांच्या बंधाऱ्यांवरून लोक सामान बांधून आठवडाभराच्या सायकल सफरीला निघतात, बराचसा मार्ग मोटारींशिवायचा. जिथे जायला पूर्वी बंदी होती तिथे रस्तेच झाले नाहीत, म्हणून तिथे शांतता उरली. ती शांतता कशाची किंमत देऊन आली हे सायकलवाल्यांना ठाऊक असेल, अशी मी आशा करतो.

आपल्या मुळेनेही एक पळण्याची वाट पाहिली आहे. दापोडीच्या पुलावर सायकल टेकवून मी ती मुलीला सांगितली, कारण तिच्या पुस्तकात खडकीची लढाई दोन ओळींत आटोपते. 5 नोव्हेंबर 1817. पेशव्यांची फौज गणेशखिंडीकडून निघाली तेव्हा इंग्रजांचा रेसिडेंट एल्फिन्स्टन संगमावरच्या बंगल्यात होता. अंगावरच्या कपड्यांनिशी तो निघाला, उतारावरून मुळा ओलांडली आणि नदी मधे ठेवून पलीकडच्या काठाने खडकीच्या फौजेकडे गेला. मागे बंगला जळाला, त्यात त्याची पुस्तकंही गेली. जी नदी काठाकाठाने चालणाऱ्याला आडोसा देते, तिने त्या दिवशी रेसिडेंटला दिला आणि पेशवाईचं पुढचं आपण जाणतोच.

दापोडीच्या बाजूची गोष्ट याहून जिव्हारी लागते. इथे कॅप्टन फोर्डची छावणी होती. पलटण पेशव्यांच्या पगाराची, अधिकारी इंग्रज. फोर्डची दोस्ती पेशव्यांच्या पदरच्या मोरो दीक्षितांशी. ग्रँट डफने लिहून ठेवलं आहे की लढाई अटळ दिसल्यावर या दोघांनी एकमेकांना शब्द दिला: आपल्यातला जो पडेल त्याच्या बायकामुलांचं दुसऱ्याने बघायचं. लढाईच्या दिवशी फोर्ड आपली पलटण घेऊन दापोडीहून इंग्रजांना जाऊन मिळाला, आणि मोरो दीक्षित पडले ते फोर्डच्याच पलटणीच्या तोफेने.

मुलीने बराच वेळ खाली पाण्याकडे बघितलं. मग विचारलं, "मग त्याने शब्द पाळला?" मी म्हटलं, ते डफने नीटसं लिहिलेलं नाही. "मग तुम्ही ही गोष्ट का सांगितली?" याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. शेजारून मेट्रो गेली, खाली रेल्वेचा पूल, 1858 पासून गाडी जाते तिथून, आणि आम्ही दोघं सायकली धरून उभे.

हा काठ आता पडून राहणार नाही. पुणे महापालिकेने मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून सुमारे 44 किलोमीटर नदीकाठ सुधारायचा प्रकल्प घेतला आहे, पिंपरी-चिंचवडने आपल्या काठासाठी वेगळा. दोन्हीकडच्या चित्रांत सायकलवर बसलेली माणसं काढलेली असतात. मला सायकलचा रस्ता हवा आहे, माझ्याइतका क्वचितच कुणाला असेल. पण पिंपळे निलखची ती झाडी तोडून आणि पात्र आवळून केलेल्या रस्त्यावर मुलगी घंटी वाजवणं बंद करील असं काही उरणार नाही. तिथल्या लोकांनी झाडांसाठी आवाज उठवला आहे, आणि मी त्यांच्या बाजूचा आहे. नदीची एक बाजू एका महापालिकेने बांधायची, दुसरी दुसरीने, आणि मधल्या पुराने कुठे जायचं? आपण नदीच्या कडेला काठ म्हणतो आणि साडीच्याही कडेला काठच म्हणतो. उर्दूतही किनारा दोन्हीकडे चालतो. विणकर काठाला दुसरा धागा वापरतो, जाणून वापरतो. काठ आणि पोत एकच करून टाकला की कापड विरतं कुठून, हे कुणाही आजीला विचारा.

बोपखेलचं उदाहरण मला या नदीवरचं सगळ्यात बोलकं वाटतं. गाव मुळेच्या डाव्या काठावर, समोर खडकी. पिढ्यान्‌पिढ्या गावकऱ्यांची ये-जा दापोडीकडून लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारातून. 2015 मध्ये तो रस्ता बंद झाला. समोर दिसणारी खडकी एकदम कोसांवर गेली, मुलांना दिघी-विश्रांतवाडीच्या बाजूने वळसा घालून शाळा गाठावी लागली. मोर्चे झाले, लाठ्या झाल्या, नदीवर काही काळ तरंगता पूल टाकला गेला, मग कायमच्या पुलासाठी वर्षानुवर्षं परवानग्यांचे कागद फिरले. नदी तीच, अंतर तेच. वाट बंद झाल्याबरोबर तिथे सरहद्द उगवली.

म्हणून त्या निळ्या पत्र्यांपाशी परत आलो.

आबा पौडला गेले. मी सोबत होतो, पण बोलले तेच. कारकुनाने विचारलं, "बाबा, तुमचं शेत तर या बाजूला आहे. शिवेच्या वाटेचा तुम्हाला काय उपयोग?" आबा म्हणाले, "माझी बैलं जायची त्या वाटनं. बैलं गेली. आता यांची पोरगी जाईल." कारकून हसला आणि त्याने मला बाहेर बसायला सांगितलं. अर्ज मुदत संपायच्या नऊ दिवस आधी दाखल झाला. शेतरस्त्यांची रुंदी किमान तीन ते चार मीटर धरून त्यांची नोंद सातबाऱ्यावर इतर हक्कांत घ्यावी, असं सरकारने 2025 मध्ये काढलेलं आहे. तो कागदही मी जोडला. वकील नाही, शिक्षक असल्यामुळे समासासकट नीट जोडला.

सप्टेंबरात स्थळपाहणी झाली. तलाठी आले, त्यांच्या पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, पण आबा त्यांना भाऊसाहेबच म्हणतात. प्रकल्पाच्या बाजूने एक तरुण आला होता, सभ्य होता, म्हणाला की त्यांच्या आराखड्यात ही वाट दाखवलेलीच नाही. तलाठ्यांनी गाव नकाशा उलगडून एकेरी तुटक रेषेवर बोट ठेवलं. साखळी आता कुणाकडे नसते, टेप होती. एक टोक मुलीच्या हातात दिलं आणि तिला बाभळीच्या बुंध्याशी उभं केलं. तिथून सव्वाआठ फूट मोजले तर टेप पत्र्यांच्या आत जाऊन पडली. उरलेली फट मोजली: दोन फूट सात इंच. पंचनाम्यात तसं लिहिलं गेलं. पंच म्हणून आबांनी अंगठा नाही, सही केली. त्याच वाटेने ते शाळेला गेले होते.

निकाल लागायचा आहे. तोपर्यंत मुलगी त्या फटीतून सायकल हाताने नेते आणि पलीकडे गेल्यावर बसते. हँडल दोन्ही बाजूंना घासत नाही, तिने मोजून बघितलं आहे. पुढची तारीख नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आहे.